जुळणीच्या आकड्यांवर किती दिवस समाधान मानायचं?

फीडर१४

भोसरीत माझं जॉब वर्कचं छोटं युनिट आहे. एक एसएमटी लाइन (बोर्डावर बारीक सुटे भाग बसवणाऱ्या यंत्रांची रांग), अठरा माणसं. वीज मीटर, चार्जर, दुचाकीचे कंट्रोलर असले बोर्ड आम्ही भरून देतो. मागच्या आठवड्यात दोन हजार बोर्डांची ऑर्डर अडकली. बेअर म्हणजे रिकामे बोर्ड आले होते, मायक्रोकंट्रोलर आले होते, फक्त एक कपॅसिटर आला नव्हता. तांदळाच्या कणीपेक्षा लहान, किंमत काही पैसे. त्याची रील परदेशातून निघालीच नव्हती. लाइन दोन दिवस बंद. फ्रिजमधून काढून उघडलेली सोल्डर पेस्ट फेकावी लागली. पगार द्यावेच लागले.

त्याच दिवशी फोनवर आकडा आला : २०१४-१५ मध्ये देशातलं इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन सुमारे १.९ लाख कोटी रुपयांचं होतं, ते २०२४-२५ मध्ये ११.३ लाख कोटींवर गेलं. मला त्याचा आनंदच आहे, मी याच धंद्यातला माणूस. पण यातलं आपलं किती? मोबाइलच्या किमतीत देशात पडणारी भर बहुतेक अंदाजांनुसार १५ ते २० टक्के. चिप, डिस्प्ले, बोर्डाचं चांगलं लॅमिनेट (बोर्ड ज्यापासून बनतो तो तक्ता), सगळं बाहेरून. २०२० च्या पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) योजनेत मोबाइल कंपन्यांना वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के रक्कम देऊ केली होती. विक्रीवर! इथे किती घडवलं, यावर नाही. सुट्या भागांसाठीची २२,९१९ कोटींची योजना मंजूर झाली मार्च २०२५ मध्ये. म्हणजे जोर आधी जुळणीवर, बाहेरचे भाग आणून जोडण्यावर, आणि भाग बनवण्यावर मागाहून. माझ्या मते हा क्रम उलटा झाला. तुम्हाला काय वाटतं?

निर्यातीची_बाजू

साहेब, तुमचं नुकसान खरं आहे, पण क्रम उलटा झाला हे पटत नाही. सुट्या भागांचा कारखाना गिऱ्हाइकाच्या मागे जातो. देशात फोनच बनत नसतील तर कॅमेरा मॉड्यूलचा कारखाना कोण कशाला टाकेल? चीननेही सुरुवात जुळणीनेच केली होती, व्हिएतनामनेही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. चेन्नईजवळ श्रीपेरंबदूरला नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि पाठोपाठ तिचे पुरवठादार शेजारी येऊन बसले. त्यांना वेगळी योजना द्यावी लागली नव्हती. २०१४ मध्ये तो कारखाना बंद पडला तो कराच्या वादात अडकून, सुटे भाग मिळत नव्हते म्हणून नाही. ती साखळी टिकली असती तर आज तिला जवळपास वीस वर्षं झाली असती. आपल्याला नडलं ते धोरणाचं धरसोडपण. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर एका रात्रीत परवाना लावला आणि पुढच्याच दिवशी अंमलबजावणी लांबणीवर टाकली. असं चालत असताना दहा वर्षांचा विचार करून पैसे कोण गुंतवेल?

पडदा_आणि_ट्यूब

मी पंचवीस वर्षं टीव्ही दुरुस्तीत काढली. तुम्ही दोघेही एक गोष्ट विसरताय : सुटे भाग आपण बनवत होतो. पिक्चर ट्यूब देशात, ट्यूबची काच देशात, ट्यूबला लागणारे फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर तर गल्लीबोळात गुंडाळले जायचे. टीव्हीची मागची बाजू उघडली की बहुतेक मालावर इथल्याच कंपन्यांची नावं असत.

मग दोन घाव बसले. थायलंडशी २००४ मध्ये सवलतीचा करार लागू झाला आणि रंगीत टीव्ही व पिक्चर ट्यूबवरचं आयातशुल्क दोन वर्षांत शून्यावर आलं. ते कदाचित सोसलंही असतं. दुसरा घाव तंत्राचा होता. व्हिडिओकॉनने २००५ मध्ये थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, आणि काही वर्षांत ट्यूबच बाजारातून गेली. सपाट पडद्याचं पॅनेल आलं. पॅनेल बनवायला आपल्यापैकी कोणीच शिकलं नव्हतं. म्हणजे सुट्या भागांवर अनुदान ओतलं तरी पुढच्या पिढीचं तंत्र आपल्या हातात नसेल तर पुन्हा तेच होणार. गुजरातमधल्या धोलेऱ्याच्या ९१,००० कोटींच्या चिप कारखान्याबद्दलही मला हीच काळजी आहे. तंत्र तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीचं. ते उद्या पुढे गेले तर आपल्याकडे काय उरेल?

निर्यातीची_बाजू

म्हणून काय सुरुवातच करायची नाही का? मोहालीत आपला सरकारी चिप कारखाना होता. १९८९ च्या आगीत तो जळाला आणि मग कित्येक वर्षं आपण मोठं पाऊल टाकलंच नाही. उसनं तंत्र परवडलं, पण असं हातावर हात ठेवून बसणं परवडलं नाही.

एओआय_वाली

सगळे कारखान्याबद्दल बोलताय, आत काम करणाऱ्यांबद्दल कोणी बोलेना. मी तीन वर्षं एका मोठ्या कारखान्यात तपासणीच्या (एओआय) मशीनवर होते. पडद्यावर लाल चौकोन आला की सोल्डरचा जोड खरंच कच्चा आहे की नाही ते बघायचं, दर काही सेकंदांनी एक बोर्ड. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग पुन्हा नवं. मशीनचा प्रोग्राम कसा लावतात ते मी दोनदा विचारलं. ते तुमचं काम नाही, असं उत्तर मिळालं. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरंबदूरजवळ कामगार मुलींच्या वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली तेव्हा मुलींना महामार्ग अडवावा लागला होता. निर्यातवाले दादा, जुळणीतून पुढचं कसब येतं म्हणता, ते आमच्या हातात कोणी द्यायचं?

फीडर१४

ताई, तुमचं म्हणणं काळजाला लागलं. माझ्याकडे प्रोग्राम लावणारा एकच मुलगा आहे, तो रजेवर गेला की मीच मशीनपुढे उभा राहतो. पुढच्या महिन्यापासून ऑपरेटर मुलींना शिकवायला घेतो. हे मी आधीच करायला हवं होतं.

ट्यूबचा मुद्दा मान्य. अनुदानाबरोबर संशोधन हवंच.

निर्यातीची_बाजू

एओआय_वाली ताईंना माझ्याकडे उत्तर नाही. पण फीडर१४ साहेब, एक सरळ प्रश्न. उद्या देशी कपॅसिटर दीडपट भावाने आला, तर तुम्ही घ्याल का?

फीडर१४

भावासाठी मी अडणार नाही. पूर्ण बोर्डामागे काही रुपयांचा फरक पडेल, दोन दिवस बंद पडलेल्या लाइनपेक्षा तो स्वस्तच. मी अडतो गिऱ्हाइकाच्या मंजूर यादीपाशी. कुठल्या जागी कुठल्या कंपनीचा कुठला भाग लावायचा हे डिझाइन करणारा ठरवतो, आणि बहुतेक डिझाइन बाहेरून आलेलं असतं. मी स्वतःहून एक रेझिस्टरसुद्धा बदलू शकत नाही. बदलायचा तर नमुने द्या, तापमानाच्या चाचण्या, कंपनाच्या चाचण्या, मग सह्या.

गेल्या वर्षी मी एका देशी इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे पन्नास नमुने असेच दिले. चाचणीचा खर्च निम्मा मी उचलला. सात महिन्यांनी अहवाल आला, माल उत्तम आहे म्हणून. यादीत नाव अजून चढलेलं नाही. यादी बदलायची सही ज्याच्या हातात आहे तो परदेशात बसतो, आणि त्याला आमच्या लाइनची घाई नाही. देशातच डिझाइन करणारे लोक हवेत ते यासाठी. योजनांमध्ये मला त्यांच्यासाठीची तरतूद सगळ्यात कमी दिसते.