ठाणे-नवी मुंबईत राहून 'कॉम्प्युटरच हवं' हा हट्ट कशाला?

घोडबंदरकर
अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की कळव्यापासून खारघरपर्यंत घरोघरी एकच विचारणा, 'कॉम्प्युटर कुठे लागेल?' मग कॉलेज कुठलं का असेना. माझं मत उलटं आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या चाललेल्या संस्थांसाठी प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा काढली आणि कॉम्प्युटर, एआय-डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा तुकड्या वाढल्या. पदवीला 20 मुलांमागे 1 शिक्षक हा निकष आहे, पण अनुभवी शिक्षक एका उन्हाळ्यात तयार होत नाहीत.

आणि आपल्या दाराशी काय उभं राहतंय ते बघा. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटरं आली. तिथला कोड लिहिणारा बंगळुरूत बसलेला असतो. इमारतीत माणूस लागतो तो उच्चदाबाचं सबस्टेशन, ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, जनरेटर आणि चिलर (थंडावा देणारी यंत्रं) सांभाळायला. म्हणजे इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल. तेव्हा कमकुवत विभागातल्या कॉम्प्युटरपेक्षा मुरलेल्या विभागातलं इलेक्ट्रिकल किंवा ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार) घ्यावं आणि सोबत 18 ते 20 जादा क्रेडिटची एआयची मायनर, म्हणजे जोडविषय, करावी.

रबाळे_बी_शिफ्ट
डेटा सेंटरचं उदाहरण ऐकायला झकास आहे, पण अर्धंच सांगितलंत. सेंटर चालू झालं की देखभालीचं काम बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराकडे जातं. त्याला हवा असतो डिप्लोमा झालेला, सुपरवायझरचा परवाना असलेला, बारा तासांची पाळी करणारा माणूस. बी.ई. झालेल्यालाही तीच खुर्ची आणि जवळपास तोच पगार मिळतो.

पदवीचा खरा उपयोग त्याआधीच्या टप्प्यात होतो, म्हणजे लोड काढणं, शॉर्ट सर्किटचा हिशोब, रिलेंचं (दोष दिसताच ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणांचं) कोऑर्डिनेशन आणि शेवटी कमिशनिंग, म्हणजे सगळं तपासून चालू करणं. कमिशनिंगच्या शेवटच्या चाचणीत सर्व्हरऐवजी तेवढीच वीज खाणारी लोड बँक लावतात आणि मुख्य पुरवठा मुद्दाम तोडतात. जनरेटर सुरू होऊन लोड घेईपर्यंत यूपीएसची बॅटरी तग धरते का, एक चिलर बंद पडला तर उरलेले तापमान रोखतात का, हे एकत्र तपासतात. इथे गडबड होते ती बहुधा यंत्र बिघडून नाही. वरच्या आणि खालच्या ब्रेकरचं सेटिंग जुळत नाही, मग एका फीडरचा (वीजवाहिनीचा) दोष आख्खा पॅनल बंद पाडतो. हे ओळखणाऱ्याला भाव आहे, पण अशा जागा मोजक्या आणि कामही प्रकल्प जाईल तिकडे. 'घराजवळ नोकरी' म्हणून इलेक्ट्रिकल घेणाऱ्याची निराशाच व्हायची.

कोपरीची ताई
घोडबंदरकर, मायनर मार्कशीटवर दिसते, कंपनीच्या गाळणीत दिसत नाही. सेवा क्षेत्रातल्या मोठ्या आयटी कंपन्या साधारणपणे सगळ्या शाखा घेतात. दहावी, बारावी, पदवीला 60 टक्के आणि चालू केटी (न सुटलेला विषय) नको, एवढंच बघतात. पण प्रॉडक्ट कंपन्या आणि बँकांची तंत्रज्ञान केंद्रं बऱ्याचदा फॉर्मवरच कॉम्प्युटर आणि आयटी लिहितात, फार तर ईएक्सटीसी. मेकॅनिकलच्या पोराला डेटा स्ट्रक्चर्स कितीही येवोत, त्याचा अर्ज पुढे सरकतच नाही.

आणि 'आधी घेऊ, मग शाखा बदलू' हे तर विसराच. दुसऱ्या वर्षी बदल होतो तो रिकाम्या जागांवर, गुणवत्तेनुसार. कॉम्प्युटरची जागा रिकामी राहते कुठे?

घोडबंदरकर
ताई, गाळणी दोन्ही बाजूंना आहे. महावितरणच्या तांत्रिक अभियंता पदांना इलेक्ट्रिकल लागतं, राज्याच्या स्थापत्य सेवेला सिव्हिल. पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेचा कॉम्प्युटरचा पेपर कुणीही देऊ शकतो, पण त्या गुणांवर भरती करणारी सरकारी कंपनी पदवी कशात आहे ते बघतेच. एआय-डेटा सायन्सवाल्यांनी तर हे आधीच तपासावं. जाहिरातीत शाखांची नावं मोजून दिलेली असतात. आपलं नाव त्यात नसेल तर समकक्षता सिद्ध करत बसा.

रबाळे साहेबांचा देखभालीचा मुद्दा मात्र मान्य.

एम-थ्रीचा बळी नव्हे
शाखेवर भांडताय, पण पोरं अडकतात पहिल्या वर्षात. तिथे सगळ्यांना जवळपास तेच असतं: गणित, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, बेसिक इलेक्ट्रिकल. सीईटीत 150 प्रश्न, 200 गुण आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे पर्याय बघून उत्तर ओळखायची सवय लागते. इथे मेकॅनिक्सच्या पेपरात फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरच्या बलांची आकृती) चुकला की पुढचं सगळं गणित वाया. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला बसता येत नाही. म्हणजे एम-टूची (दुसऱ्या सेमिस्टरच्या गणिताची) एक केटी आख्खं वर्ष खाऊ शकते.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांचं दुखणं वेगळं. वर्कशॉप, ड्रॉइंग पक्कं असतं, पण पहिल्या वर्षाचं गणित न करता एकदम दुसऱ्या वर्षाच्या गणितातलं लाप्लास आणि फुरियर समोर येतं. त्यांनी सुट्टीतच इंटिग्रेशन घोटून घ्यावं.

ऑप्शन_फॉर्मवाले काका
तत्त्वचर्चा चालू द्या. फॉर्म भरणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. 2025 च्या प्रवेशात कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) 4 फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर जागा आपोआप गोठली, म्हणजे तीच पक्की. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या 3 पसंतींना, तिसऱ्या फेरीत पहिल्या 6 पसंतींना लागू होतं. अशी जागा नाकारली की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. 'बघू तरी लागतंय का' म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकणारे यातच सापडले. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा यंदाची माहितीपुस्तिका वाचूनच क्रम लावा. मागच्या वर्षीचा कटऑफ क्रम ठरवायला वापरू नका, यादी किती खाली न्यायची ते ठरवायला वापरा. क्रम फक्त आपल्या इच्छेचा. वरची अवघड कॉलेजं टाकल्याने खालची संधी कमी होत नाही, हे पालकांना पटवता पटवता घसा सुकतो.

टी अक्षराने संपणारा चॉइस कोड म्हणजे टीएफडब्ल्यूएस (शुल्कमाफीची जागा), 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी. शिक्षण शुल्क माफ होतं, पण नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. म्हणून मनात नसलेली शाखा केवळ माफीसाठी वर टाकू नका.

नेरूळ_पूर्व
काकांना पुरवणी. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्काची 100 टक्के सवलत आहे. प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठ यात बसत नाही, आणि विकास शुल्क भरावं लागतंच. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत तपासून ठेवा, ती 31 मार्चला संपते.

म्हणून मुलगी असेल तर 'पैसे वाचवायला दुय्यम शाखा' हे गणितच मोडतं. मी कोपरीच्या ताईंच्या बाजूने.

रबाळे_बी_शिफ्ट
मग 'मुरलेला विभाग' ओळखायचा कसा, हे घोडबंदरकरांनी सांगितलंच नाही. नॅकचं मूल्यांकन आख्ख्या संस्थेचं असतं, एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाची. फाटकावर मोठ्या अक्षरात एनबीए लिहिलंय म्हणून हुरळू नका. तुमच्या शाखेचं नाव आणि मुदतीचं वर्ष एनबीएच्या संकेतस्थळावर बघा. मशीन्स लॅबमध्ये एका सेटवर किती मुलं उभी राहतात ते विचारा. पाचापेक्षा जास्त असतील तर तिघं नुसती वही धरून असतात.

घोडबंदरकर
बरोबर. त्यात प्लेसमेंटची भर घालतो. एका मुलाला तीन ऑफर आल्या की फलकावर तीन मोजतात. एनआयआरएफमध्ये (केंद्राच्या कॉलेज क्रमवारीत) भाग घेणारी कॉलेजं आपला तक्ता संकेतस्थळावर टाकतात. त्यात वेळेत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, पुढे शिकायला गेलेले आणि मध्यक (चढत्या यादीतला मधला) पगार असतो.

कोपरीची ताई
तो तक्ता सगळ्या शाखा एकत्र करून असतो हो! तुमच्या लाडक्या इलेक्ट्रिकलचा आकडा त्यात कॉम्प्युटरच्या पोरांनीच वर ओढलेला असणार. शाखानिहाय यादी लेखी मागा, मग बोलू.