'लीन प्रॉडक्शन'ला मराठीत काय म्हणायचं?

सेकंड शिफ्ट
मंडळी मदत पाहिजे. आमची छोटी कंपनी आहे, प्रेस शॉप आणि थोडं मशीनिंग, गाड्यांचे सुटे भाग करतो. सरकारची ती एमएसएमईवाली म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांसाठीची लीन स्कीम आहे ना (लीन म्हणजे टोयोटाची, वाया जाणारं काढून टाकत काम करायची पद्धत), 2023 च्या मार्चमध्ये नव्याने सुरू झाली, बेसिक इंटरमीडिएट ॲडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्यांची, त्यात आम्ही नाव घातलंय. आता साहेबांचं म्हणणं की शॉप फ्लोअरवर मोठा फ्लेक्स लागला पाहिजे आणि तो मराठीतच पाहिजे, ऑपरेटर लोकांसमोर इंग्लिश चार्ट टांगून काय उपयोग. आणि माझं मराठी बरं म्हणून काम माझ्या गळ्यात. पहिल्याच शब्दाला अडकलोय. लीन म्हणजे कोशात कृश, सडपातळ. 'कृश उत्पादन' लिहिलं तर लोक विचारतील ऑर्डरी कमी झाल्या का. नुसतं 'लीन' ठेवलं तर आमच्याकडे ग्राइंडिंगला एक वारकरी मामा आहेत, ते म्हणाले लीन व्हायचं ते पांडुरंगाच्या पायी, मशीनच्या पायी कशाला. बोला आता.

व्याकरणखोर
मामांना नमस्कार सांगा, त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. आपला लीन संस्कृत 'ली' धातूवरून, विरघळणे, चिकटून एकरूप होणे. विलीन, तल्लीन, लय, प्रलय सगळं एकाच घरातलं. इंग्लिश लीनशी नातं काही नाही, नुसता उच्चार जुळतो.
आता बारीक माणसासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही, पण प्रत्येकाची चव वेगळी आहे हे लक्षात घ्या. सडपातळ कौतुकाचा, शेलाटा त्याहून कौतुकाचा, किडकिडीत म्हणजे फुंकर मारली तर पडेल, रोडका म्हणजे खायला मिळत नाही, लुकडा चिडवायला. यातला कुठला भाव हवाय ते आधी ठरवा, शब्द मग मिळेल.

खमंग
एवढं काय त्यात, 'काटकसरी उत्पादन' लिहून मोकळे व्हा. कमी खर्चात जास्त माल, सगळ्यांना कळतं.

सेकंड शिफ्ट
@खमंग तेच तर नकोय हो. सांगतो का ते. मी आधी ज्या कंपनीत होतो (नाव कशाला घ्या) तिथे लीन म्हणून जे आलं ते काटकसर म्हणूनच आलं. पहिल्या महिन्यात काँट्रॅक्टवरची अकरा पोरं कमी केली, मग हातमोजे महिन्याला दोन जोड्यांऐवजी एक, मग चहा दोनदाचा एकदा, आणि मेन्टेनन्सचे स्पेअर स्टोअरमधून काढून टाकले कारण 'इन्व्हेंटरी म्हणजे वेस्ट'. सहा महिन्यांनी एका प्रेसचं क्लचचं सामान गेलं आणि स्पेअर नाही म्हणून लाइन चार दिवस बंद, कस्टमरला माल पाठवायला टेम्पो नाही चक्क विमान करावं लागलं. आणि हे सगळं लीनच्या नावाखाली. त्यामुळे आजही तिथल्या जुन्या लोकांसमोर लीन म्हटलं की ते आपला नंबर कधी लागतो ते बघतात. शब्द चुकीचा पडला की पुढचं सगळं चुकतं असं माझं मत झालंय, म्हणून तर इथे विचारतोय नाहीतर गूगलने केलं असतं की भाषांतर.

तोक्यो रिटर्न
मुळात 'लीन' हा जपानी लोकांचा शब्दच नाही हे इथे सांगितलं पाहिजे. टोयोटावाले आपल्या पद्धतीला टोयोटा प्रॉडक्शन सिस्टिमच म्हणतात. लीन हा शब्द आणला जॉन क्राफसिक नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने, 1988 च्या एका लेखात. हा माणूस कॅलिफोर्नियात जनरल मोटर्स आणि टोयोटाचा भागीतला कारखाना होता, नुम्मी, तिथे काम करून मग एमआयटीत संशोधनाला गेलेला. गंमत म्हणजे आधी तो या पद्धतीला 'फ्रॅजाइल' म्हणत होता, म्हणजे नाजूक, कारण हाताशी साठाच नाही, एक कडी तुटली की सगळं थांबतं. मग ऐकायला वाईट वाटतं म्हणून लीन केलं. 1990 मध्ये एमआयटीच्याच लोकांचं पुस्तक आलं आणि शब्द जगभर झाला.
आणि नाजूक म्हणत होता ते काही खोटं नव्हतं. 1 फेब्रुवारी 1997 ला आइसिन कंपनीच्या कारियातल्या कारखान्याला आग लागली, तिथे ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह व्हायचा आणि टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे तिथूनच जायचे. टोयोटाकडे साठा किती, तर काही तासांचा. जपानातले त्यांचे बहुतेक कारखाने बंद पडले. पण पुढचं ऐका. आइसिनने ड्रॉइंग सगळ्यांना देऊन टाकली, आणि आजूबाजूचे पुरवठादार, त्यातले कितीतरी ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी पाहिलाही नव्हता, अगदी शिलाई मशीनवाली ब्रदर सुद्धा, सगळे मिळेल त्या मशीनवर ते व्हॉल्व्ह करत बसले आणि साधारण आठवड्याभरात गाड्या परत निघायला लागल्या. हे काटकसरीने होत नाही. माणसं तयार असावी लागतात.

व्याकरणखोर
मग शब्द समोरच आहे की! काटक. अंगावर चरबी नाही पण दमत नाही, पडला तरी उठतो. घाट चढणारी म्हातारी काटक असते, डाएटवाली पोरगी काटक नसते. काटक आणि काटकसर दिसायला शेजारी शेजारी राहतात पण स्वभाव बघा, काटकसर खिशाकडे बघते आणि काटक अंगाकडे.

सेकंड शिफ्ट
वा! 'काटक उत्पादन'. जरा विचित्र वाटतंय कानाला पण अर्थ बरोबर बसतोय. घेतला. पुढचा प्रश्न मुडा. जपानी मुडा, म्हणजे जे जे वाया जातं ते. आमच्या शॉपमध्ये ट्रेनर बाईंनी 'मुडा शोधा' म्हटलं तर मागून आवाज आला 'कुणाचा मुडदा'. याला अपव्यय लिहू का?

निवृत्त फिटर
अपव्यय वगैरे लिहू नका हो, सरकारी जाहिरात वाटते, पाणी वाचवा वीज वाचवा. मी 34 वर्षं फिटर होतो, सांगतो आमची भाषा. ते सात प्रकार सांगतात ना वाया जायचे, त्या सगळ्यांना मराठीत रोजचे शब्द आहेत, कुणी जोडून दाखवत नाही एवढंच. मटेरियल नाही म्हणून मशीन उभं, क्रेन येईना म्हणून माणूस उभा, याला आम्ही खोळंबा म्हणायचो. जॉब इकडून तिकडे नेणं आणि टूल क्रिबला, म्हणजे हत्यारांच्या खोलीला, चार चकरा मारणं म्हणजे हेलपाटे. पुस्तकात ते दोन वेगळे आहेत, मालाचे वेगळे माणसाचे वेगळे, पण पाय दुखणाऱ्याला काय फरक पडतो. अर्धवट झालेल्या जॉबच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला की माल तुंबला. ज्याला कुणी विचारत नाही तो पृष्ठभाग आरशासारखा घासून देणं म्हणजे नसती उठाठेव. रिजेक्शनला रिजेक्शनच म्हणा, ते मराठीच झालंय आता. आणि राहिलं ते मागणी नसताना करून ठेवणं, त्याला मात्र शब्द सुचत नाही, कारण त्याला आमच्याकडे शाबासकी मिळायची! शिफ्टला टार्गेट 400, यानं 520 काढले की टाळ्या. ते 120 कुठे ठेवायचे आणि कोण घेणार हे कुणी विचारायचं नाही.

सेकंड शिफ्ट
काका हेलपाटे शब्दासाठी तुम्हाला साष्टांग. ताइची ओनो, ज्यांनी टोयोटात हे सगळं बसवलं, ते सुद्धा तुमच्या त्या 520 वाल्यालाच सगळ्यात मोठा दोषी धरायचे, कारण जास्तीचा माल बाकीचे सगळे दोष झाकतो.

खमंग
मी कारखान्यातली नाही, पण जास्तीच्या मालावरून एक सुचलं. आमच्या सासूबाई सकाळीच पंचवीस पोळ्यांची थप्पी करून डब्यात ठेवतात, मग दोघं बाहेर जेवून येतात, मग रात्री फोडणीची पोळी, दुसऱ्या दिवशी परत फोडणीची पोळी. आणि माझी आई माणूस पाटावर बसलं की तव्यावरची ताटात टाकायची, ताटात अर्धी राहिली की पुढची लाटायला घ्यायची. ते जस्ट इन टाइम का काय ते हेच ना? मग त्याला 'तव्यावरची' म्हणा.

तोक्यो रिटर्न
@खमंग काटकसरीचं माफ केलं तुम्हाला! ताटातली अर्धी पोळी हीच तुमच्या आईची कानबान. कानबानचा मूळ अर्थ दुकानावरची पाटी. खालच्या टप्प्यावर माल संपत आला की तो वरच्या टप्प्याला कार्ड पाठवतो, एवढे दे, आणि कार्ड आल्याशिवाय वरच्याने काही करायचं नाही. ओनोंना हे सुचलं अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून, गिऱ्हाईक जेवढं उचलेल तेवढंच फळीवर परत भरायचं. फ्लेक्सवर पाटी मात्र लिहू नका, पुण्याजवळ असाल तर लोक त्यात अपमान शोधतील.

धोटा
इचलकरंजीकडून +1. टोयोटाचं मूळ मागातच आहे हे कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. साकिची तोयोदांनी 1924 मध्ये असा माग काढला की धागा तुटला की माग आपोआप थांबणार. आमच्या साध्या पॉवरलूमला आडवा धागा संपला तर माग थांबतो पण उभा तुटला तर गडी खटखट चालूच, कारागिराचं लक्ष गेलं तर ठीक नाहीतर मीटरभर कापड दोषाचं, आणि म्हणून कारागीर सारखा मागाभोवती डोळे लावून. तोयोदांच्या मागावर तोच माणूस कितीतरी माग सांभाळू शकायचा कारण त्याला पहारा द्यायचा नव्हता. त्याचे हक्क 1929 ला प्लॅट ब्रदर्स या इंग्लिश कंपनीला विकले. आता शब्दाची गोष्ट अशी की याला ते 'जिदोका' म्हणतात आणि टोयोटावाले तो मुद्दाम चुकीचा लिहितात. बरोबर ना तोक्यो?

तोक्यो रिटर्न
अगदी. नेहमीच्या जिदोकात मधलं चित्राक्षर 'हलणे' असं आहे, आपोआप हलणारं. टोयोटाने त्याला डावीकडे माणसाचं चिन्ह जोडलं, उच्चार तोच पण अक्षर झालं 'काम करणे'. म्हणजे नुसतं हलणं वेगळं, काम करणं वेगळं. आता याला मराठीत स्वयंचलन म्हटलं की माणूस परत गळाला.

व्याकरणखोर
'शहाणं मशीन' म्हणा. चुकतंय हे कळून गप्प बसतं ते शहाणं. असे लोकही कमीच.

निवृत्त फिटर
आमच्या वेळी मशीन थांबवलं की सुपरवायझर शिव्या द्यायचा. टोयोटात काही चुकलं की कामगाराने दोरी ओढायची, ओढली की दिवा लागतो, त्याला अंदोन म्हणतात, जुन्या कागदी कंदिलावरून नाव आहे. कंदील ठीक आहे पण दोरी ओढणाऱ्याला शिव्या बसणार नाहीत ही खात्री कुठल्या शब्दात घालणार?

सेकंड शिफ्ट
काका, त्याला फ्लेक्स पुरायचा नाही. बरं मुडाचे दोन जपानी भाऊ, मुरा आणि मुरी, राहिले. मुरी म्हणजे आपल्या घरातली मोरी नव्हे, झेपणार नाही इतका भार, माणसावर किंवा मशीनवर.

खमंग
ओढाताण.

सेकंड शिफ्ट
झालं की एका शब्दात! आणि मुरा म्हणजे कधी काम कमी कधी जास्त. आमच्याकडे महिन्याचे पहिले दहा दिवस लोक कॅरम खेळल्यासारखे, आणि शेवटचे पाच दिवस डबल ओव्हरटाइम, महिन्याचा अर्धा माल तेव्हाच जातो.

व्याकरणखोर
एक दिवस तुपाशी, तीन दिवस उपाशी. 'तुपाशी-उपाशी' लिहा, ट्रेनिंगची गरज नाही.

सेकंड शिफ्ट
घेतलं. आणि खरं तर तीनमधला बाप तोच आहे, तुपाशी-उपाशी असलं की ओढाताण होणारच आणि ओढाताणीत माल बिघडणारच, पण सगळे मुडाच्याच मागे लागतात कारण तो मोजता येतो. शेवटचा शब्द, टॅक्ट टाइम. जर्मन शब्द आहे, टाक्ट म्हणजे संगीतातला ताल. आमची शिफ्ट 480 मिनिटं, जेवण 30, दोन चहा 20, उरले 430. गिऱ्हाइकाला शिफ्टमागे 215 नग पाहिजेत, म्हणजे दर दोन मिनिटांना एक. त्याहून हळू नाही आणि जोरातही नाही. 'ताल वेळ' लिहू?

धोटा
मी तबला शिकलोय थोडा म्हणून बोलतो. ताल म्हणजे मात्रांचा आकृतिबंध, त्रिताल झपताल वगैरे. दोन मात्रांमधलं अंतर किती, जोरात की सावकाश, ती लय. तुमचं दोन मिनिटं हे लय झालं.

व्याकरणखोर
आणि लय वर आलेल्या 'ली' धातूचाच! म्हणजे मामा बरोबर होते, लीन आणि लय एकाच घरचे, ते घर फक्त जपानातून अमेरिकेमार्गे आलेलं नाही. फक्त फ्लेक्सवर 'लय' लिहिलंत तर 'लय भारी' वाचतील हे ध्यानात ठेवा.

नवीन सभासद 22
एमबीए करतोय. हे सगळं ठीक आहे पण स्ट्रॅटेजीचं काय, लीन हीच स्ट्रॅटेजी ना? आणि स्ट्रॅटेजीला मराठीत धोरण का रणनीती?

तोक्यो रिटर्न
हार्वर्डचे मॅनेजमेंटचे प्राध्यापक मायकेल पोर्टर 1996 मध्ये नेमकं उलटं म्हणाले, की काम चोख करणं म्हणजे स्ट्रॅटेजी नव्हे, ते सगळेच शिकतात आणि मग सगळे सारखे होतात, आणि उदाहरण म्हणून जपानी कंपन्याच दाखवल्या. मला ते अर्धंच पटतं, कारण सगळे शिकले असते तर आज प्रत्येक एमआयडीसीत टोयोटा दिसली असती. जपानी लोक 'होशिन' म्हणतात, त्यात एक अक्षर दिशेचं आणि एक सुईचं. होकायंत्र समजा. वरच्याने दिशा सांगायची, खालच्याने सांगायचं की एवढं जमेल एवढं नाही, मग परत वर, अशी झेलाझेली होऊन मग ठरवायचं.

निवृत्त फिटर
धोरण सरकारचं असतं, रणनीती निवडणुकीची. कारखान्याला 'दिशा' पुरे. आणि साहेबांनी आठवड्यातून एकदा बांधावर यावं. प्रत्यक्ष काम चालतं त्या जागेला जपानीत गेंबा का काय म्हणतात त्याला आमच्याकडे हाच शब्द आहे, एसीत बसून पीक कळत नाही.

सेकंड शिफ्ट
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. मजकूर दिला होता, 'काटक उत्पादन पद्धती' मोठ्या अक्षरात, खाली खोळंबा हेलपाटे तुंबणं उठाठेव ओढाताण. काल फ्लेक्स आला, बारा बाय आठ फूट. वर छापलंय 'काटकसर उत्पादन पद्धती'. छपाईवाल्याला वाटलं माझं 'सर' लिहायचं राहिलं, त्यानं आपल्या बुद्धीनं जोडलं. साहेब म्हणतायत तसाच लावू, अर्थ तोच आहे. मी नाही म्हणालोय. आता हा रिवर्कला घ्यायचा, म्हणजे 'सर'वर स्टिकर मारायचा, की सरळ स्क्रॅप, ते मामांना विचारणार आहे.