मुलाला घेऊन टाटाला जायचंय, मुंबईत राहायचं कुठे?

सत्तरीकर:
नमस्कार मंडळी, भावाच्या मुलाला, वय ६, रक्ताचा कॅन्सर निघालाय. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) दाखवलं, आता परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलात न्यायचं ठरलंय. भाऊ बसवर ड्रायव्हर, वहिनी घरीच, दोघं तिकडे गेले की कमाई बंद. एका एजंटने फोनवर खोली दाखवली, रोजचे १२०० आणि डिपॉझिट वेगळं, डॉक्टर म्हणतात सुरुवातीचे सहा-आठ महिने तरी राहावं लागेल. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड आहे, त्यात भाडं बसतं का? शुक्रवारी कोकणकन्येने निघतोय.

पेडण्याची आई:
दादा, एजंटला एक रुपया देऊ नका. आमचे १५ हजार असेच गेले, खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, केमो झालेल्या पोरीला उचलून जिने चढायचे. टाटात फाइल काढताना जनरलची (कमी दराची) काढा आणि पहिल्याच दिवशी मेडिकल सोशल वर्करला भेटा, उत्पन्नाचा दाखला हातात ठेवा. लहान मुलांसाठी टाटाचंच इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, ते उपचाराच्या पैशांचं बघतात. राहायला सेंट ज्यूड, २००६ पासून आहे, फुकट, पण हॉस्पिटलने पाठवल्याशिवाय घेत नाहीत आणि जागा रिकामी असायला हवी, म्हणून नाव लवकर घालायला सांगा. आम्हाला तीन आठवड्यांनी मिळाली. एका कुटुंबाला एक खोली, स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच पण प्रत्येकीची शेगडी वेगळी. काउंट (रक्तातल्या पेशी) पडले की बाहेरचं खाणं बंद, मग पोरगी पेजेशिवाय काही मागायची नाही. एरवी टोपी काढायची नाही ती, तिथं सगळीच मुलं टकली बघून दुसऱ्या दिवशी टोपी कुठंतरी टाकूनच दिली.

माशेलवाला:
दीनदयाळ (२०१६ ची योजना, तिघांपर्यंतच्या घराला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख) उपचारासाठी आहे, भाड्याला नाही. गोवा सरकारचा मेडिक्लेम वेगळा, त्याचं पणजीला कांपालला आरोग्य संचालनालयात विचारा, जीएमसीतून निघायच्या आधी रेफरल घ्या, नाहीतर एका सहीसाठी मुंबईहून परत यावं लागतं. जागा मिळेपर्यंत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे गर्दी असते पण विचारा.

पेडण्याची आई:
हो, आणि रेल्वे! टाटातून सवलतीचा फॉर्म भरून घ्या, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. नंतर मेंटेनन्सला (पुढच्या हलक्या औषधांच्या टप्प्याला) दोनेक वर्षं ये-जा असते, तेव्हा ही सवलत फार कामी येते.

फोंड्याचा शेजारी:
भावाचा पगार बंद होणार ना, मग दोघांनी एकदम कशाला जायचं? पहिले पंधरा दिवस दोघं, मग वहिनी आणि एखादी आजी. आम्ही तसंच केलं, भांडणं झाली ती वेगळी.

सत्तरीकर:
देव बरें करूं सगळ्यांना. एजंटला खोली नको म्हणून कळवलं. उद्या सकाळी मामलेदाराकडे दाखल्याला जातो, तिथून जीएमसी. वहिनी विचारते, पाच किलो उकडे तांदूळ पुरतील का?

पेडण्याची आई:
दहा न्या. तिकडे आपल्यासारखे मिळत नाहीत.