बाराशे रुपयांत वर्षभराचं वाचन : वाचनालय, जुनी पुस्तकं की किंडल?

धरणगावची_पासवाली
नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, धरणगाव-जळगाव रोज पॅसेंजरने अप-डाऊन. नववीपर्यंत हाती पडेल ते वाचायचे, मग दहावी, बारावी, सीईटी आणि मोबाइल. सगळं सुटलं. या दिवाळीत मामांकडे माळ्यावरून फराळाचे डबे उतरवताना जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सापडला. एक चाळायला घेतला आणि मामी खालून हाका मारत राहिली. तेव्हापासून परत चटक लागलीय.

गाडीत आम्ही चौघी असतो. आधी चौघींची डोकी चार मोबाइलमध्ये असायची. आता मी वाचते आणि बाकीच्या खांद्यावरून डोकावून "थांब ना, पान नको उलटू" करतात.

वर्षाला 1200 रुपये घालू शकते, वर एक रुपया नाही. वाचनालय लावू, जुनी पुस्तकं घेऊ की सेकंडहँड किंडल? कथा, कादंबरी, प्रवासवर्णन, काहीही चालेल. पाळधीपर्यंत बहुतेक उभंच राहावं लागतं, तेही बघा. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं कृपया सुचवू नका.

भुसावळ_जंक्शन
डोळे झाकून किंडल घे. नवीनच घे, सेकंडहँडच्या भानगडीत पडू नकोस, बॅटरी कशी निघेल सांगता येत नाही. मी किंडलचाच पेपरव्हाइट घेतला, मे महिन्याच्या उन्हात फलाटावर वाचतो, अक्षर अगदी छापल्यासारखं दिसतं. एका हातात मावतो, दुसऱ्या हाताने दांडी धरता येते.

धरणगावची_पासवाली
दादा, बजेट 1200 आहे.

भुसावळ_जंक्शन
अगं एकदाच तर खर्च. वडिलांना सांग, अभ्यासाला लागतो म्हणून. मी तसाच मिळवला होता.

रावेरचा_केळीवाला
कसाले त्या डबड्यात पैसा घालस बहीण? पुस्तक पडलं तर उचलता येतं. माझ्या भाच्याचा किंडल बॅगेत डब्याखाली दबला, अर्ध्या स्क्रीनवर रेघा. दुरुस्तीवाला म्हणे नवीनच घ्या. आता तो त्यावर झाकण ठेवतो, पाण्याच्या माठावरचं.

तयारी_2026
ताई, वाचायची एवढी आवड आहे तर चालू घडामोडीचं मासिक लाव. गाडीतला वेळ सत्कारणी लागेल. मी तर म्हणतो राज्यशास्त्रापासून सुरुवात कर.

धरणगावची_पासवाली
🙏

जुना_जळगावकर
मुली, जळगावात रोज येतेस आणि पुस्तकं विकत कसली घेतेस? व. वा. वाचनालय आहे ना. आमच्या तीन पिढ्या तिथे वाचून मोठ्या झाल्या. अनामत एकदा भरायची, ती सभासदत्व सोडताना परत मिळते, म्हणजे तो खर्च धरायचाच नाही. बाकी फक्त वर्गणी. आताचा दर काउंटरवर विचारून घे, आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे का तेही. माझ्या वेळी काय होतं ते सांगून उपयोग नाही, तेव्हा चहा चार आण्यांना होता.

सातची_गाडी
काका, वाचनालय ठीक आहे, पण अप-डाऊनवालीला परवडत नाही. लेक्चर सुटलं की प्रॅक्टिकल, प्रॅक्टिकल सुटलं की गाडी. मी एका वाचनालयाचा (नाव नको) सभासद होतो. माझ्या वेळेला काउंटर बंद, आणि वाचन कक्षात स्पर्धा परीक्षेवाल्यांनी खुर्चीखुर्चीवर रुमाल टाकून ठेवलेले. पेपर उभ्याने वाचला.

तयारी_2026
रुमाल टाकावाच लागतो साहेब. सकाळी सहाला येऊन बघा म्हणजे कळेल.

अमळनेरची_लेक
जळगावपर्यंत कशाला, आमच्या अमळनेरला साने गुरुजी ग्रंथालय आहे. तुला गाडी उलट्या दिशेची पडेल खरी. पुस्तकं हवी तर साहित्य संमेलनात घ्यायची होतीस! फेब्रुवारी 2024 ला 97 वं संमेलन आमच्याकडेच झालं. मी दोन पिशव्या भरून आणली, सवलतीत. अजून निम्मी वाचायची आहेत पण कपाट भरलं. गावाचं पाणीच तसं आहे म्हणा, 'श्यामची आई' आमच्याच गावात लिहिली गुरुजींनी.

निवृत्त_ग्रंथपाल
नाही ताई. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते, हे खरं. 'श्यामची आई' मात्र नाशिकच्या तुरुंगात लिहिली, फेब्रुवारी 1933 मध्ये.

अमळनेरची_लेक
लिहिली नाशिकला, पण सुचली असणार अमळनेरला. छात्रालयातल्या मुलांना गोष्टी कोण सांगायचं? आणि 1952 ला पण संमेलन आमच्याकडेच झालं होतं, जळगावकरांनी नोंद घ्यावी.

जुना_जळगावकर
घेतली. मुलीच्या प्रश्नाचं काय?

निवृत्त_ग्रंथपाल
तेच सांगायला आलो होतो. आधी कॉलेजच्या ग्रंथालयात विचार. तुझ्या फीमध्ये ग्रंथालयाचे पैसे बहुधा धरलेले असतात. विज्ञानाची मुलं कार्डावर फक्त क्रमिक पुस्तकं नेतात आणि मराठी विभागाची कपाटं वर्षानुवर्षं उघडत नाहीत. माझ्याकडे कादंबऱ्यांच्या कपाटाचं कुलूप तेल घालून उघडावं लागायचं. आत गेल्यावर "कपाट स्वतः बघू का" असं विचार. यादीवरून मागितलं की "बाहेर गेलंय" हेच उत्तर मिळतं.

दुसरं, फुकटचं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तक हक्कमुक्त होतं. साने गुरुजी 1950 ला गेले, बहिणाबाई 1951 ला, म्हणून मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर असं जुनं साहित्य मोफत वाचायला मिळतं. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही त्यांची बरीच प्रकाशनं पीडीएफमध्ये आहेत. मोबाइल हातात असतोच, तोच वापर.

धरणगावची_पासवाली
सर, हे खरंच माहीत नव्हतं. उद्याच कपाट बघते. मोबाइलवर मात्र दोन पानं झाली की वरून मेसेज येतो आणि मी रील्समध्ये जाते.

भुसावळ_जंक्शन
म्हणूनच किंडल म्हणत होतो. मेसेज येत नाहीत.

रावेरचा_केळीवाला
रेघा येतात.

बोरं_मेहरूणची
माझं ऐक, जुनी पुस्तकं घे, रद्दीवाल्याकडून. सुट्टीच्या आधी लोक घर आवरतात तेव्हा गठ्ठे येतात. किलोवर देतो का विचार, निवडून घेतलं की भाव चढवतो. घेताना तीन गोष्टी बघायच्या. शेवटची पानं आहेत का (रहस्यकथेची शेवटची पानं नसणं म्हणजे काय ते मला विचार), शिवण आहे की नुसतं चिकटवलंय, आणि कसर लागलीय का. चिकटवलेलं पुस्तक आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही, डिंक वाळतो आणि पानं हातात येतात. घरी आणल्यावर आधी झटकून ऊन दाखव, मग कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेव. मला एका पुस्तकात 'चि. सौ. कां. हिस लग्नाच्या दिवशी' असं लिहिलेलं सापडलं होतं. पुढची सगळी पानं फाडलेली नव्हती, जोडूनच होती. कोणी कापलीच नव्हती, म्हणजे पुस्तक वाचलंच नव्हतं.

सातची_गाडी
अरेरे.

धडा_मिळालेला
कुठूनही घे, पण मैत्रिणींना देऊ नकोस. मी होस्टेलवर पाच मित्रांना पुस्तकं वाटली. एक परत आलं, त्यावर शेवभाजीचा तेलकट डाग, आणि तेही माझं नव्हतंच.

जुना_जळगावकर
+1. पुस्तक आणि पैसा, दोन्ही दिलं की मैत्री जाते.

अमळनेरची_लेक
मी तर कपाटाला कुलूप लावते.

तापीकाठ
धरणगावची म्हणजे बालकवींच्या गावची की तू! एकच सांगतो, फलाटावर पुस्तकात डोकं घालून चालू नकोस. बालकवी 1918 ला भादली स्टेशनवरच गाडीखाली गेले.

धरणगावची_पासवाली
आजी पण हेच सांगते, नाव भादलीचंच घेते 😄

सगळ्यांचं वाचलं. गाडीत चौघींसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, समोरच्या सीटवरचे काका पण ऐकत होते. ठरलं असं : भिशी लावतोय. पुस्तकांची. दर महिन्याला प्रत्येकीचे 100, म्हणजे 400. चिठ्ठी निघेल तिने तिच्या मनाचं पुस्तक घ्यायचं, नवीन किंवा जुनं, उरलेल्या पैशांत दुसरं बसलं तर तेही. चौघींनी वाचायचं आणि ते तिच्याकडेच राहणार. वर्षात प्रत्येकीच्या वाट्याला तीन चिठ्ठ्या येतात आणि माझे बरोबर 1200 होतात. सरांचं कपाट जास्तीचं, ते फुकट.

धडा_मिळालेला
म्हणजे मैत्रिणींनाच देणार. छान.

जुना_जळगावकर
वर्षाला बारा-पंधरा पुस्तकं? वाचनालयात तेवढी दोन महिन्यांत होतील. हिशेब कच्चा आहे.

धरणगावची_पासवाली
कच्चाच आहे काका. पण वाचनालयाचं पुस्तक मी एकटी वाचणार. भिशीतल्या चिठ्ठीसाठी आत्तापासून भांडणं सुरू झालीत. एकीला फक्त भुताच्या गोष्टी हव्यात, दुसरी म्हणते माझी चिठ्ठी निघाली तर पाककृतीचं घेणार आणि तुम्ही सगळ्यांनी वाचायचं. वाचू.

निवृत्त_ग्रंथपाल
नियम एक कर. पुढचं पुस्तक हवं असेल तर आधीचं चौघींनी संपवलेलं पाहिजे. नाहीतर संथ वाचणारीकडे ढीग साचतो.

धरणगावची_पासवाली
ती संथ वाचणारी मीच आहे सर. तरी लिहून घेतलं.

तयारी_2026
पाचव्या मेंबरला जागा आहे का? चिठ्ठी निघाली तर चालू घडामोडी घेणार नाही, शब्द देतो.

रावेरचा_केळीवाला
ह्याचा शब्द लेखी घे बहीण.