आशियाई तायक्वांदो स्पर्धा नवी मुंबईत आणावी का?

घोडबंदरकर

आमच्या भागात आता प्रत्येक दुसऱ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये तायक्वांदोचा क्लास चालतो. पांढऱ्या डोबोकमधली (तायक्वांदोचा गणवेश) पोरं संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटतात. आणि तरी पालकांचं ठरलेलं वाक्य: "कोरियन खेळ आहे हो, तिथे आपलं काय होणार?"

म्हणून हा धागा. आशियाई तायक्वांदो अजिंक्यपद स्पर्धा 1974 साली सेऊलमध्ये सुरू झाली. जागतिक संघटना आदल्याच वर्षी, मे 1973 मध्ये, स्थापन झालेली. पहिल्या दोन्ही जागतिक स्पर्धा सेऊललाच झाल्या. म्हणजे सगळा घरचा मामला. पण आशियाई स्पर्धा मात्र दुसऱ्याच खेपेला घराबाहेर पडली. 1976 मेलबर्न (होय, ऑस्ट्रेलिया तेव्हा आशियाच्या संघटनेत होतं, ओशनियाची चूल नंतर वेगळी झाली), 1978 हाँगकाँग, 1980 तैपेई, 1982 सिंगापूर, 1984 मनिला, 1986 डार्विन आणि 1988 ला चक्क काठमांडू. कोरियात ती परतली थेट 2004 मध्ये, सेओंगनामला. मधली तीस वर्षं ती गावोगाव फिरत होती.

आता पुढचं बघा. 1998 ला स्पर्धा हो ची मिन्ह सिटीत झाली. 2000 साली सिडनीत त्रान हिएउ न्गानने रौप्य जिंकलं, व्हिएतनामचं पहिलं ऑलिंपिक पदक. 2002 ला अम्मान; 2016 मध्ये रिओला अहमद अबुघौशचं सुवर्ण, जॉर्डनचं कुठल्याही खेळातलं पहिलं पदक. 2014 ला ताश्कंद. टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे उझबेकिस्तानच्या उलुगबेक रशितोवचं सुवर्ण. स्पर्धा जिथे जाते तिथे खेळ रुजतो, असं माझं ठाम मत आहे. भारतात ती एकदाही आलेली नाही आणि तायक्वांदोत आपला एकही खेळाडू आजवर ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2025 ची महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल झाली. आता विमानतळही आपल्या दारात. मग आशियाई तायक्वांदो इथे का नको?

---

वाशी_ते_सीएसटी

डी. वाय. पाटीलच्या आउटफिल्डवर मॅट अंथरणार का? पावसाळ्यात ठेवा, पोरं घसरत घसरत किक मारतील, पॉइंट आपोआप मिळतील.

---

घोडबंदरकर

स्टेडियमचा उल्लेख यजमानपदाची क्षमता सांगायला होता, दादा. मॅट टाकायला वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर आहे. मोठा हॉल, वॉर्म-अपला जागा, जवळ हॉटेलं. तायक्वांदोला याहून जास्त काही लागत नाही.

---

जुना ब्लॅकबेल्ट, नेरूळ

लागतं, साहेब. लागतं त्याबद्दलच बोलायला आलोय. पण आधी तुमच्या यादीबद्दल.

तुम्ही तीन गावं निवडली आणि सिद्धांत मांडला. मनिलाचं काय? 1984, 1994, 2016 अशी तीन वेळा स्पर्धा तिथे झाली. फिलिपिन्सला तायक्वांदोचं अधिकृत ऑलिंपिक पदक आजही नाही. उलट अफगाणिस्तानात ही स्पर्धा कधीच झाली नाही, पण रोहुल्ला निकपाईने 2008 ला बीजिंगमध्ये कांस्य आणलं, अफगाणिस्तानचं पहिलंवहिलं पदक, आणि 2012 ला लंडनला पुन्हा कांस्य. तो इराणमधल्या निर्वासितांच्या छावणीत वाढलेला. त्याच्या गावात कुणी हॉल बांधला नव्हता की झेंडे लावले नव्हते. जॉर्डनच्या बाबतीत तर अम्मानची स्पर्धा आणि रिओचं सुवर्ण यांत चौदा वर्षांचं अंतर आहे. चौदा वर्षांत काय काय झालं असेल, ते सगळं सोडून तुम्ही श्रेय चार दिवसांच्या स्पर्धेला देताय.

आता काय लागतं ते. माझ्या काळी चेस्टगार्ड म्हणजे साधी फोमची ढाल. किक बसली की आवाज यायचा, समोरचा हलायचा आणि कोपऱ्यातले पंच बटण दाबायचे. या पद्धतीत भांडणं फार. 2008 च्या बीजिंगमध्ये तर कहर झाला. ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची डोक्यावरची किक पंचांना दिसलीच नाही, मग व्हिडिओ बघून निकाल फिरवला आणि दोन वेळची ऑलिंपिक विजेती, चीनची चेन झोंग बाहेर गेली. त्याच स्पर्धेत क्यूबाच्या आंजेल मातोसने पंचालाच लाथ मारली आणि आयुष्यभराची बंदी ओढवून घेतली. त्यानंतर 2012 च्या लंडन ऑलिंपिकला सेन्सरवाले चेस्टगार्ड आले, 2016 ला हेडगार्डमध्येही सेन्सर आले.

सेन्सर आले आणि खेळच बदलला. पायात सेन्सरचे मोजे, छातीवर सेन्सर, ठरावीक जोर लागला तरच पॉइंट. मग पोरं पुढचा पाय हवेत धरून खेळायला लागली. जो रोज सेन्सरवर सराव करतो त्याला कळतं की कुठल्या कोनातून, किती जोराने लागलं की दिवा लागतो. माझ्या क्लासमधली मुलं राज्य स्पर्धेला जातात तेव्हा कित्येकांच्या अंगावर सेन्सरचा गार्ड पहिल्यांदाच चढतो. ठाणे-नवी मुंबईत सरावासाठी असे सेट असलेले क्लास शोधून दाखवा. जो पैसा तुम्ही पाहुण्यांच्या हॉटेलवर घालणार, त्यात आधी पोरांना गार्ड घेऊन द्या.

---

खारघरची आई

सरांशी शंभर टक्के सहमत. माझी मुलगी सातवीत आहे, ग्रीन बेल्ट. दर तीन-चार महिन्यांनी ग्रेडिंगची (बेल्टच्या परीक्षेची) फी, वरून बेल्ट, सर्टिफिकेट, कधी टी-शर्ट. आधीच्या क्लासमध्ये बाऊट (समोरासमोर लढती) म्हणून लावतच नव्हते, पण बेल्टचा रंग मात्र वेळेवर बदलायचा. निम्म्या पालकांचं लक्ष दहावीच्या ग्रेस मार्कांवर, उरलेल्यांचं "पोरगं मोबाइल सोडून काहीतरी करतंय ना" यावर. आशियाई स्पर्धा इथे आली तर आम्ही तिकीट काढून बघू, सेल्फी काढू आणि पुन्हा ग्रेडिंगची फी भरू.

---

घोडबंदरकर

ताई, तुमची मुलगी उद्या डोळ्यांसमोर थायलंडच्या पानिपक वोंगपट्टनाकिटसारखी खेळाडू बघेल. 49 किलो वजनगट, टोकियोचं सुवर्ण आणि पॅरिसचंही. ते बघून तिला काहीच वाटणार नाही? मोबाइलवर रील बघणं वेगळं आणि दहा हातांवर ती किक बघणं वेगळं.

आणि सर, मनिलाचं पटलं नाही. मेलबर्नचं बघा. 1976 आणि 1996, दोनदा यजमान. सिडनी ऑलिंपिकचं 49 किलोचं सुवर्ण लॉरेन बर्न्सचं, ती मेलबर्नची. डॅनियल ट्रेंटनचं रौप्य, तोही तिथलाच.

---

आकडेमोड

दोघेही ऑलिंपिकच्या पदकांवरून आशियाई स्पर्धेचं मोजमाप करताय, तिथेच घोळ आहे. ऑलिंपिकला स्त्री-पुरुषांचे प्रत्येकी चारच वजनगट, आशियाई आणि जागतिक स्पर्धेत आठ-आठ. शिवाय लंडनपर्यंत एका देशाला जास्तीत जास्त चार खेळाडू पाठवता यायचे. कोरियाला अख्खा संघ उतरवायची मुभाच नव्हती. सिडनीत त्यांचे चार खेळाडू गेले आणि तीन सुवर्ण, एक रौप्य घेऊन आले. म्हणजे बाकीच्यांना मिळालेली बरीच पदकं नियमाने मोकळी करून दिलेली.

आणि लंडनला आठ सुवर्णपदकं आठ वेगवेगळ्या देशांनी नेली: स्पेन, तुर्कस्तान, अर्जेंटिना, इटली, चीन, ब्रिटन, कोरिया, सर्बिया. त्यात आशियाई संघटनेतले दोनच, चीन आणि कोरिया. कोरियाची सद्दी मोडली असेल तर ती जास्त युरोपने मोडली. युरोपची स्पर्धा 1976 ला बार्सिलोनात सुरू झाली, म्हणजे आशियाच्या नंतर.

---

घोडबंदरकर

खेळाडूंच्या मर्यादेचा मुद्दा चांगला आहे, पण मग 2011 चं काय? त्या वर्षीची जागतिक स्पर्धा कोरियातच, ग्योंगजूला. मर्यादा नाही, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. आणि पुरुषांचं सांघिक विजेतेपद इराणने उचललं. 1973 पासून ते एकदाही कोरियाबाहेर गेलं नव्हतं! इराण हे युरोप नाही. हादी साईसारखा माणूस, अथेन्स आणि बीजिंगला दोन सुवर्णं, आशियातल्या स्पर्धांत कोरियन पोरांशी लढत लढतच घडला. पॅरिसचंही मोजा: आठपैकी पाच सुवर्णं आशियाची. कोरिया दोन, थायलंड, उझबेकिस्तान, इराण एकेक.

---

कोपरीचा कराटेवाला

तुम्ही पदकांची वाटणी मोजत बसलाय, तिजोरीची किल्ली कुणाकडे आहे ते बघा.

जागतिक संघटनेला आजवर दोनच मुख्य अध्यक्ष. 1973 ते 2004 किम उन-योंग, त्यानंतर आजपर्यंत चोउए चुंग-वॉन. दोघेही कोरियन. किम साहेब तर भ्रष्टाचाराच्या प्रकरणात तुरुंगात गेले. मुख्यालय सेऊलला. जगात कुठेही या संघटनेचा ब्लॅक बेल्ट घ्या, डॅन (ब्लॅक बेल्टची पायरी) सर्टिफिकेट येणार 1972 साली सेऊलमध्ये बांधलेल्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्य केंद्रातून. आणि 1966 ला चोई होंग ही यांनी काढलेली मूळची दुसरी संघटना? ते कोरियातल्या राजवटीशी बिनसून 1972 ला कॅनडाला गेले आणि सेऊलवाल्यांनी वर्षभरात स्वतःची जागतिक संघटना उभी केली; चोईंची उत्तर कोरियाशी जवळीक पुढे झाली. आशियाई स्पर्धा काठमांडूला गेली ती काही नेपाळच्या प्रेमापोटी नाही. 1988 ला सेऊल ऑलिंपिकमध्ये तायक्वांदो प्रदर्शनी खेळ म्हणून दाखवायचा होता. जितके देश खेळताना दिसतील तितका दावा पक्का. 1994 ला ऑलिंपिक समितीच्या पॅरिसच्या अधिवेशनात ऑलिंपिकचं दार उघडलं ते या हिशेबातून.

तर आशियाई स्पर्धा वाशीला आणणं म्हणजे त्यांच्या दुकानाची आणखी एक शाखा. भाडं आपलं, गल्ला त्यांचा.

---

वाशी_ते_सीएसटी

कराटेवाल्याच्या पोटात दुखतंय. कराटे टोकियोला आलं आणि पॅरिसला बाहेर गेलं. 😄

---

कोपरीचा कराटेवाला

दुखतंयच. पण मुद्दा खोडा की.

---

जुना ब्लॅकबेल्ट, नेरूळ

मी खोडतो. हिशेब होताच, कोण नाही म्हणतंय? पण त्या हिशेबातून काठमांडूच्या पोरांना काय मिळालं तेही बघा. 1988 च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये, प्रदर्शनी खेळ असला तरी, विधान लामाने नेपाळसाठी कांस्य मिळवलं. 2004 ला संगीना वैद्य पात्रता फेरीतून अथेन्सला गेली. वाइल्डकार्डवर नाही, लढून. आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये पलेशा गोवर्धनचं कांस्य, नेपाळचं पहिलं पॅरालिंपिक पदक, तेही तायक्वांदोतच. राजकारण वर चालतं, खाली पोरं शिकतात.

आणि आपण? 2002 ला बुसानच्या एशियाडमध्ये (सगळ्या खेळांची आशियाई क्रीडा स्पर्धा) सुरेंद्र भंडारीचं कांस्य. त्यानंतर एशियाडचं पदक नाही. टोकियो आणि पॅरिस पॅरालिंपिकला अरुणा तंवर गेली तेवढाच उजेड. मधली कित्येक वर्षं दोन-दोन संघटना, दोन-दोन राज्य स्पर्धा, कोर्टकज्जे. माझ्याच विद्यार्थ्याचं सर्टिफिकेट एका भरतीत "ही संघटना मान्यताप्राप्त नाही" म्हणून परत आलं. पोरगं खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाच्या आशेवर होतं. ज्या घरात दोन कर्ते भांडतात तिथे आशियाई स्पर्धेचं यजमानपद कुणाच्या नावावर लिहायचं?

---

आकडेमोड

सर, गंमत म्हणजे आत्ता तुम्ही नेपाळचं उदाहरण देऊन घोडबंदरकरांचीच बाजू मांडलीत. काठमांडू यजमान होतं.

---

जुना ब्लॅकबेल्ट, नेरूळ

नाही. नेपाळमध्ये आधीपासून पोलिस आणि सैन्याच्या क्लबांत खेळ होता. यजमानपद त्यावर चढवलेला कळस. आपल्याकडे पाया खणायचाय आणि हे कळसाचं टेंडर काढताहेत.

---

खारघरची आई

एक शंका. सेन्सरचा एवढा खर्च फक्त फाइटला ना? माझी मुलगी पूमसे (एकटीने करायच्या ठरलेल्या हालचाली) चांगली करते, तिला फाइट आवडतच नाही.

---

घोडबंदरकर

ताई, हे मला आधीच सुचायला हवं होतं. पूमसेला ना सेन्सर, ना हेडगार्ड. मॅट, डोबोक आणि खेळाडू. 2018 च्या जकार्ता एशियाडपासून पूमसेला तिथेही पदक आहे. आणि 2024 ला व्हिएतनाममध्ये दा नांगला झालेल्या आशियाई पूमसे स्पर्धेत अरुणाचलच्या रूपा बायोरने कांस्य मिळवलं. आपल्या खेळाडूचं या स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक पदक. मग सुरुवात आशियाई पूमसे स्पर्धेने करू. खर्च कमी, वाशीचा हॉल पुरेल, आणि सरांचा सेन्सरचा आक्षेप निकालात.

---

जुना ब्लॅकबेल्ट, नेरूळ

याला मी "नको" म्हणणार नाही. पण अट आहे. स्पर्धेच्या आधी वर्षभर परदेशी प्रशिक्षकांची शिबिरं इथे लावायची, आणि ती क्लबवाल्यांच्या पोरांपुरती नाही, महापालिकेच्या शाळांतल्या पोरांसाठीही. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत किती शाळांना हॉल आहेत ते मला माहीत आहे. पूमसेला हॉलही नको, स्वच्छ फरशी पुरते.

---

कोपरीचा कराटेवाला

म्हणजे सेन्सर काढून पुन्हा पंचांच्या नजरेवर गुण! सर, बीजिंगच्या रडगाण्यापासून तुम्हीच सुरुवात केली होतीत ना? पूमसेत अचूकता आणि सादरीकरण, दोन्हींचे गुण माणसंच देणार. पंच कोण नेमणार, सांगा आता.

---

जुना ब्लॅकबेल्ट, नेरूळ

तुमच्या कराटेच्या कातामध्ये (तुमचं पूमसेच ते) गुण कोण देतं, यंत्र?