आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी वाचायला काय द्यावं? परदेशातलं रोजचं जगणं की आपलंच?

समाजमंदिरातली ताई (घाटंजी तालुका, यवतमाळ)

नमस्कार. आमच्या गावात मी संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांची अभ्यासिका घेते. सुरुवातीला शेजारच्या दोघी मुली यायच्या, आता समाजमंदिर भरतं. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी मुलं शेतात असतात. त्यामुळे जे काही सुचवाल ते मधे खंड पडला तरी चालणारं हवं, हे आधीच सांगते.

मुलांना इंग्रजी येतच नाही असं नाही. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, अक्षरओळख पक्की आहे. उलट धडाधड वाचतात. नववीतली एक मुलगी तर इतकी छान वाचते की रस्त्याने जाणारं माणूस थांबून ऐकेल. मागे मी इंग्लंडमधल्या शाळेतल्या जेवणाच्या सुट्टीवरचा एक सोपा उतारा आणला होता. काही मुलं शाळेच्या कॅन्टीनमध्ये गरम जेवण घेतात, काही घरून सँडविच आणि फळ आणतात, एवढंच त्यात होतं. तिने एकही अडखळ न घेता वाचला. मी विचारलं, "मग कॅन्टीनमध्ये कोण जेवलं?" तिने शांतपणे उतारा पुन्हा पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतला. प्रश्नाचं उत्तर त्या कागदात असतं आणि ते शोधायचं असतं, हे तिला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्यासाठी वाचन म्हणजे आवाज काढणं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण मुलगी हुशार आहे.

आता दुसरी बाजू. त्यानंतर मी तिकडच्या मुलांच्या फावल्या वेळच्या कामावरचा उतारा दिला. ब्रिटनमध्ये साधारण १३ व्या वर्षापासून मुलांना हलकं काम करता येतं, घरोघरी पेपर टाकणं वगैरे, आणि शाळा चालू असताना इंग्लंडमध्ये आठवड्याला १२ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. हा उतारा आधीच्यापेक्षा अवघड होता, वाक्यं लांब होती. पण काय झालं बघा. दिवाळीच्या सुट्टीत किलोमागे पैसे घेऊन कापूस वेचणारी एक मुलगी लगेच म्हणाली, "ताई, पेपरमागे किती देतात ते लिहिलंच नाही यात." आणि तिचं खरं होतं, लिहिलेलं नव्हतं! म्हणजे तिने शेवटपर्यंत शोधून पाहिलं होतं. मग १२ तास पुरतात का, शनिवार-रविवार धरून की सोडून, यावर दोन मुलं भांडली आणि भांडण मिटवायला पुन्हा कागदात डोकं घातलं.

तर माझा प्रश्न असा. एक उतारा पाण्यात गेला आणि त्याहून अवघड दुसरा मुलांनी असा धरला, हे कशामुळे? मुलांना परदेशातल्या सणावारांचे, खाण्यापिण्याचे उतारे द्यावेत की आधी आपल्याकडचेच विषय इंग्रजीत द्यावेत? शब्दार्थांची यादी आधी द्यावी का? आणि पातळी कशी ठरवायची? नेटवर ए-वन (सगळ्यात सोपी), ए-टू, बी-वन अशा चढत्या पातळ्या लिहिलेल्या असतात, मी नववी म्हणून थेट बी-वन घेते.

जिल्हा परिषदेचे गुरुजी (वाशीम)

ताई, तुमच्या प्रश्नातच तुमचं उत्तर आहे. त्या मुलीला मजुरीचा हिशोब तुमच्या-माझ्याहून जास्त कळतो. उताऱ्यात काय असणार याचा अंदाज तिच्याकडे आधीच होता, इंग्रजी शब्द त्या अंदाजावर येऊन बसले. कॅन्टीनच्या उताऱ्यात तो अंदाजच नव्हता. आपल्याकडे आठवीपर्यंत शाळेतच पोषण आहार मिळतो, त्यामुळे शाळेत जेवण विकत घ्यायचं ही गोष्टच मुलांच्या डोक्यात येत नाही. तिथे आधी पाच मिनिटं आपल्या बोलीत गप्पा मारायला हव्यात. शाळेत खिचडी नसती तर तू काय आणलं असतं? विकत घ्यायची असती तर घरून पैसे मिळाले असते का? मग कागद द्यायचा.

म्हणून परदेशी विषय टाळू नका, फक्त आत शिरायला आपल्या बाजूने दार शोधा. ते जवळजवळ नेहमी सापडतं. मी माझ्या वर्गात ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटचा उतारा घेतो. १६०५ साली गाय फॉक्स नावाचा माणूस लंडनच्या संसदेखाली बंदुकीच्या दारूच्या पिंपांसकट पकडला गेला, राजाला उडवायचा कट फसला, आणि त्याची आठवण म्हणून लोक आजही शेकोट्या पेटवतात, पुतळा जाळतात. हे नुसतं वाचलं तर मुलांना परग्रहावरचं वाटतं. पण मी आधी विचारतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काय काढतात? सगळा वर्ग ओरडतो, मारबत! म्हणजे वाईट गोष्टींचा पुतळा, तो मिरवून जाळतात. आपल्या गावात पळसाच्या फांद्या शिवेबाहेर नेऊन टाकताना काय म्हणतात? "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत." मग सांगतो की इंग्लंडमध्येही नकोशा माणसाचा पुतळा करून जाळतात, आता कोणाचा आणि का ते तुम्ही कागदातून शोधा. तिथली पोरं पूर्वी तो पुतळा रस्त्यावर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पेनी मागायची. इथे आमची पोरं तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. हे वाक्य आलं की मी काहीच सांगत नाही, मुलंच एकमेकांकडे बघून हसतात.

पॅनकेक डेचंही तसंच. ईस्टरच्या आधीचा लेंट हा ४० दिवसांच्या उपवासाचा काळ. तो सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी, दूध, लोणी संपवायचं म्हणून पॅनकेक करतात. आपल्याकडे श्रावण लागायच्या आधी आखाड तळतात, मटणवाल्याकडे रांग लागते. ज्या मुलाने ती रांग पाहिली आहे त्याला लेंट समजवावं लागत नाही.

पातळीबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे, बी-वन सोडा. इयत्ता आणि इंग्रजीची पातळी यांचा संबंध लावू नका. कोणाच्या मदतीशिवाय उतारा नीट समजायचा असेल तर शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे हवेत, असं वाचनावरच्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच नवा. तुमच्या मुलांसमोर उतारा ठेवा आणि अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. कागद रेघांनी भरला तर तो उतारा वर्षभर बाजूला ठेवा. ए-वन पासून सुरू करा, त्यात कमीपणा काही नाही. ब्रिटिश कौन्सिलचं किशोरवयीन मुलांसाठीचं जे फुकट साहित्य नेटवर आहे, त्यात वाचनाचे पाठ अशा पातळ्यांनुसारच लावलेले आहेत. प्रत्येक पाठ स्वतंत्र असतो, त्यामुळे वेचणीहून परत आलेलं मूल कुठूनही सुरू करू शकतं. वाचनाआधीचा सरावही त्यात असतो, पण तो आपल्या मुलांसाठी पुरत नाही. आधीच्या गप्पा तुमच्याच.

शब्दार्थांची मोठी यादी देऊ नका. यादी दिली की मुलं यादी पाठ करतात आणि उतारा तसाच राहतो. ज्याच्याशिवाय काहीच कळणार नाही असे दोन-तीन शब्द गप्पांमध्येच येऊ द्या, बाकीचे त्यांना ओळखू द्या.

आणि एक गोष्ट तुमच्यासारख्या सगळ्यांना कळावी असं फार वाटतं. फिजी बेटांवर, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी एक प्रयोग केला होता. तिथल्या मुलांनाही इंग्रजी परकंच. चौथी-पाचवीच्या वर्गांत गोष्टींची भरपूर चित्रमय पुस्तकं ठेवली आणि रोज २०-३० मिनिटं ती वाचायला वेळ दिला. १९८३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले, पुस्तकं मिळालेली मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या बरीच पुढे गेली होती. तेव्हा मुलांपुढे वाचायला भरपूर असणं आणि ते त्यांना हवंसं असणं, यालाच पहिला मान द्या.

कास्तकार बाप (आर्णी)

ताई, म्या काही मास्तर नाही, कास्तकार हावो. माही पोरगी आठवीत हाय. तिले म्या युरियाच्या बोरीवरचं इंग्रजी वाचाले लावलं. वजन ४५ किलो, नत्र ४६ टक्के, आन् खाली 'यूज नो हुक्स' असं लिवलेलं रायते. तिनं इचारलं, बाबा हे हुक कोनतं? म्या सांगतलं, हमाल बोरी उचलाले लोखंडी आकडा टोचते, तो टोचू नका म्हनून लिवलं हाय, बोरी फाटते, माल सांडते. तवापासून तिले जे दिसन ते वाचते.

फवारनीच्या औषधाचं तं मी मुद्दाम वाचून घेतो. डबा तिच्या हाती देत नाही, मोबाईलवर फोटो काढून आनतो. त्याच्यावर तिकोनी खून रायते. लाल म्हनजे सगळ्यात जहरी, मंग पिवळा, मंग निळा, मंग हिरवा. काय घालाचं, कितीक पान्यात टाकाचं, अंगावर उडलं तं काय कराचं, सारं बारीक अक्षरात रायते. आपल्या जिल्ह्यात २०१७ साली फवारनीत मानसं गेले, ते कोनी इसरलं नाही. पोरीनं हे वाचलंच पाह्यजे, परीक्षेत येवो का न येवो. तुमच्या तिथंबी हे घ्या ना ताई.

समाजमंदिरातली ताई

दादा, उद्याच घेते. आमच्या निम्म्या मुलांच्या घरी ही औषधं येतात आणि मला हे सुचलं नव्हतं याचं आश्चर्य वाटतं. फोटोची कल्पना फार चांगली आहे, प्रिंट मोठी काढता येईल.

गुरुजी, मारबत आणि गाय फॉक्स एकत्र वाचायची कल्पना वाचून अंगावर काटा आला. एक शंका आहे. दर वेळी आपल्याकडचं असंच सापडलं पाहिजे असं धरलं, तर मुलांना जग आपल्यासारखंच आहे असं वाटणार नाही का? आणि दहावीला जो न वाचलेला उतारा येतो तो कशावरही असतो, तिथे आधी गप्पा मारायला कोणी नसतं.

वणीची, सध्या अमरावतीला बी.एस्सी. करतेय

ताईंची शंका बरोबर आहे असं मला वाटतं. मी पण खेड्यातल्या मराठी शाळेत शिकले. मला जे उतारे आठवतात ते सगळे अनोळखी गोष्टींचे आहेत. इंग्लंडमध्ये जुलैच्या शेवटी सुट्टी लागते आणि साधारण सहाच आठवडे असते, हे वाचून मला इतकं नवल वाटलं होतं! आमची सुट्टी मे महिन्याच्या उन्हात जायची, बाहेर पडायची सोय नाही. तिकडे सुट्टीच मुळी उन्हं अंगावर घ्यायला. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो हे मला कोणीतरी खोटं सांगतंय असं वाटलं. मग भूगोलाच्या सरांनी अक्षांश काढून दाखवले. तो उतारा मी स्वतः परत परत वाचला, कारण मला तो खरा की खोटा ठरवायचा होता.

म्हणून माझं म्हणणं, आठवीला गुरुजींच्या पद्धतीने ओळखीचं दार दाखवा, पण नववीच्या मध्यापासून अधूनमधून एखादा उतारा काहीही न सांगता द्या. मुलांना स्वतः विचारू द्या, हे असं का? मुलींना तर तिकडच्या मुलींच्या रोजच्या दिवसाबद्दल वाचायला फार आवडतं. किती वाजता उठतात, घरात कोणतं काम करतात, भाऊ करतो का, एकटीला बसने जाऊ देतात का. आम्ही त्यावर तासभर बोलायचो. ते बोलणं मराठीतच व्हायचं, पण पुरावा म्हणून बोट इंग्रजी ओळीवर ठेवावं लागायचं.

आणि ताई, मुलांनी स्वतः लिहिलेलं वाचायला द्याल का? आमच्या एका मॅडमनी आम्हाला पोळ्यावर सहा-सात सोपी वाक्यं लिहायला लावली, चुका दुरुस्त करून एका कागदावर आणली आणि पुढच्या वर्गाला वाचायला दिली. स्वतःचं नाव छापलेलं बघून मी तो कागद आजीला वाचून दाखवला होता.

जिल्हा परिषदेचे गुरुजी (वाशीम)

हे मान्य. न सांगता दिलेला उतारा हवाच, फक्त तो पातळीने आणखी सोपा निवडा. विषय अनोळखी असेल तर भाषा तरी ओळखीची असू द्या. दोन्ही अवघड केलं की मूल पुन्हा नुसता आवाज काढायला लागतं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. नेट मिळेल तेव्हा महिन्याभराचे उतारे एकदम उतरवून ठेवा आणि तालुक्याला गेलात की झेरॉक्स काढा, दोघांत एक कागद. दोघांत एक असला की मुलं आपोआप एकमेकांना विचारतात. आणि तुमच्या त्या छान वाचणाऱ्या मुलीचं मोठ्याने वाचणं बंद करू नका, ते तिचं बळ आहे. आधी सगळ्यांनी मनात वाचायचं, मग प्रश्न. प्रश्न असा की एका वाक्यातून उचलून उत्तर देता येणार नाही, उदाहरणार्थ, "यातल्या कोणत्या मुलाशी तुझी मैत्री होईल आणि कोणत्या ओळीवरून?" सगळं झाल्यावर शेवटी तिला वाचू द्या. तेव्हा ती कुठे थांबते आणि कोणत्या शब्दावर जोर देते एवढं बघा, तिला किती समजलं ते तुम्हाला वेगळं विचारावं लागणार नाही.