मदत हवी आहे: कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये मेथअँफेटामिनचे पीक सरकतात

नमस्कार मंडळी,

मी विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. लघवीतल्या मेथअँफेटामिन या नशेच्या पदार्थाची डी आणि एल ही दोन रूपं (एकमेकांची आरशातली प्रतिमा; नशेत मुख्यतः डी) कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे बारीक नळीत विजेच्या दाबाने रेणू सुटे करून, वेगळी ओळखायची पद्धत बसवतेय. तीन आठवडे झाले, गाडी एकाच जागी अडली आहे.

पार्किन्सन्ससाठी सेलेजिलीन घेणाऱ्यांच्या शरीरात त्या गोळीपासून एल-मेथअँफेटामिन तयार होतं. नेहमीच्या जीसी-एमएस (वायू क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री) कॉलमवर दोन्ही रूपं एकत्रच बाहेर पडतात, म्हणजे असा रुग्णही पॉझिटिव्ह दिसू शकतो. आजारी माणसावर नशेचा शिक्का बसावा, हे मला सहन होत नाही. म्हणून हा खटाटोप.

कॅपिलरी ५० मायक्रॉनची, लांबी ६० सेंमी, डिटेक्टरपर्यंत ५०. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ५० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच २.५, त्यात दोन रूपांना कमी-जास्त धरून ठेवणारं हायड्रॉक्सिप्रोपिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन. २० किलोव्होल्ट, २५ अंश, डिटेक्टर २०० नॅनोमीटरवर. पाण्यातलं स्टँडर्ड (दोन्ही रूपांचा शुद्ध नमुना) टोचलं की १६ मिनिटांच्या आसपास दोन पीक (आलेखावरचे उंचवटे) येतात, तळापर्यंत सुटे, बघत राहावेत असे.

लघवीचे सॅम्पल लावले की चौथ्या-पाचव्या रनपासून बिघडतं. पीक मिनिटभर मागे जातात, बुटके होतात, मधली दरी भरते. मग डी कुठला, एल कुठला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

सॅम्पल अल्कली करून इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये काढते. सुकवण्याआधी मिथेनॉलमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबभर घालते, नाहीतर मेथअँफेटामिन उडून जातं. उरलेलं पाण्यात विरघळवते. दर रननंतर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ३ मिनिटं, मग पाणी, मग बफर. कॅपिलरी बदलून पाहिली, एक दिवस बरा गेला, पुन्हा तेच.

दोष कॅपिलरीच्या भिंतीचा की सॅम्पलमधल्या मिठाचा? कसं ओळखू?

प्रतिसाद:

आधी एक करा. लघवीचे पाच रन झाले की लगेच तेच स्टँडर्ड पुन्हा टोचा. तेही मागे सरकलं तर भिंतीवर काहीतरी चिकटतंय किंवा व्हायलमधला बफर थकलाय. ते जागेवर आलं, तर सॅम्पलमध्ये मीठ राहिलंय. पीक पसरतो तो त्यामुळेच.

मला संशय तुमच्या धुण्याचा आहे. पीएच २.५ वर काम करताना मध्येच सोडियम हायड्रॉक्साइड फिरवलं की सिलिकाची भिंत परत स्थिर व्हायला फार वेळ घेते, ३ मिनिटांत काही होत नाही. दोन रनच्या मध्ये ०.१ मोलर फॉस्फोरिक आम्लाने धुऊन बघा आणि दोन्ही टोकांचा बफर दर ४-५ रननंतर बदला. शिवाय अंतर्गत स्टँडर्ड (दर सॅम्पलमध्ये मुद्दाम घातलेला ओळखीचा पदार्थ) वापरत नसाल तर आजच सुरू करा. नुसत्या मिनिटांवरून डी-एल ठरवू नका, अंतर्गत स्टँडर्डच्या वेळेशी गुणोत्तर काढा. आकडे आले की इथे टाका, बघू.